पावणेदोन डॉलरचं कार्ड

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो पाहिला. १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं बेसबॉल कार्ड, तेही गाजलेल्या मिकी मँटलचं, ऐंशी डॉलरला! ते घेऊ नकोस. खरं असेल तर अगदी दुमडलेलं, कोपरे झिजलेलं मँटलसुद्धा हजारो डॉलरच्या खाली मिळत नाही. उत्तम अवस्थेतलं एक २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. टॉप्सनेच १९८३ साली तो संच पुन्हा छापला होता, आणि नकलाही ढिगाने फिरतात. विक्रेत्याकडून कार्डाशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागव. मूळ कार्ड पावणेचार इंच उंच, १९८३चं साडेतीन. पण मापात बसलं म्हणजे अस्सल, असं मुळीच नाही. आपल्या खिशाला परवडणाऱ्या छंदात मँटलचा नाद सोडलेला बरा.

तू पिट्सबर्गला आहेस, तिथल्या पायरेट्स संघाच्या क्लेमेंटेच्या नावाच्या पुलावरून सामन्याला जातेस. मग घरचाच संघ धर की! १९६० साली वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, पायरेट्सनी न्यूयॉर्कच्या यँकीजना सातव्या सामन्यात हरवलं. शेवटच्या डावात बिल मॅझरोस्कीने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून मालिका संपवली. त्या संघातल्या खेळाडूंची १९६० आणि १९६१ची टॉप्स कार्डं गोळा कर. १९६०चं कार्ड आडवं असतं, एका बाजूला रंगीत चेहरा आणि दुसरीकडे खेळतानाचा कृष्णधवल फोटो. यातले बरेचसे खेळाडू ‘कॉमन’, म्हणजे ज्यांच्यामागे कुणी धावत नाही असे. झिजलेल्या अवस्थेत ते एक-दोन डॉलरला मिळतात. मॅझरोस्की थोडा महाग, क्लेमेंटे बराच महाग. त्याला शेवटी ठेव.

क्लेमेंटेचं कार्ड हातात आलं की नाव वाच. साठच्या दशकातल्या कार्डांवर ‘बॉब’ छापलंय. तो पोर्तो रिकोचा रॉबर्टो. इथल्यांनी सोयीसाठी बॉब केला, आणि त्याला ते अजिबात आवडत नसे. ऑफिसात माझ्या नावाची दोन अक्षरं उरली तेव्हापासून ते कार्ड माझ्या टेबलावर आहे.

एक सावधगिरी. तेव्हा टॉप्स कार्डं टप्प्याटप्प्याने बाजारात आणत असे. शेवटचा टप्पा येईपर्यंत उन्हाळा सरत आलेला, मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं, त्यामुळे शेवटच्या क्रमांकांची कार्डं कमी खपली. म्हणून अनोळखी खेळाडूचं कार्ड महाग दिसलं, तर विक्रेता लुबाडतोय असं धरून चालू नकोस. आधी मागचा क्रमांक बघ.

आता लिलाव. भाव ठरवताना लोकांनी काय मागितलंय ते बघू नकोस, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघ. ईबेवर झालेल्या विक्रीची यादी वेगळी दिसते. त्यावरून तुझी कमाल बोली ठरव, टपालखर्च धरून. दीड डॉलरच्या कार्डाला पाच डॉलर टपाल पडलं तर ते साडेसहाचं कार्ड झालं गं. एकाच विक्रेत्याकडून सात-आठ घे आणि एकत्र पाठवायला सांग. ठरलेला आकडा शेवटच्या मिनिटाला एकदाच टाक आणि उठून चहा कर. समोरच्यापेक्षा जेवढं जास्त लागेल तेवढंच ईबे तुझ्याकडून घेतं, पूर्ण आकडा नाही. हरलीस तर हरलीस. ही कार्डं लाखोंनी छापली गेली होती, पुढच्या आठवड्यात दुसरं येतंच. बोली चढवत बसण्यात मी सुरुवातीची दोन वर्षं घालवली आणि दुप्पट पैसे मोजले.

फोटो मोठा करून चारही कोपरे बघ, मागची बाजू बघ. मागे काळा कागद चिकटलेला असेल तर ते कुणाच्या तरी अल्बममधून ओरबाडलेलं आहे. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवून काढलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नकोस. मला एकदा असंच एक ‘चांगलं’ कार्ड आलं. दिव्याखाली तिरकं धरलं तर खेळाडूच्या कपाळापासून खांद्यापर्यंत बारीक घडी. समोरून ती दिसतच नव्हती. तेव्हापासून मी तिरक्या उजेडातला फोटो मागतो. जो देत नाही त्याच्याकडून घेत नाही.

पण झिजेला घाबरू नकोस. कुणी कडा कातरून कार्ड नवं भासवलं असेल तर ती फसवणूक. कोपरे मात्र पोरांच्या खिशात झिजलेले असतात. माझ्याकडे डिक ग्रोटचं १९६२चं कार्ड आहे, तपकिरी लाकडी चौकटीचं. पायरेट्सचा ग्रोट १९६० साली नॅशनल लीगचा, म्हणजे दोन मोठ्या लीगपैकी एकीचा, सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. १९६२चा मोसम संपल्यावर पिट्सबर्गने त्याला सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाला देऊन टाकलं. माझ्या कार्डावर खालच्या कोपऱ्यातलं ‘पायरेट्स’ निळ्या बॉलपेनने खोडून त्यावर मुलाच्या वाकड्या अक्षरात ‘कार्डिनल्स’ लिहिलंय. पेन इतकं दाबलंय की मागून बोट फिरवलं तर रेघा लागतात. बाजाराच्या हिशेबात हे कार्ड बाद, म्हणून मला पावणेदोन डॉलरला मिळालं. कोरं करकरीत दिलं तरी मी बदलून घेणार नाही.

ग्रेडिंगला, म्हणजे पैसे देऊन कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायचं का, हेही विचारलंस. नको. दोन डॉलरच्या कार्डासाठी त्याच्या कितीतरी पट शुल्क कशाला? मऊ पाकीट, त्यावर टॉपलोडर म्हणजे कडक प्लॅस्टिकचं पाकीट, आणि उन्हापासून लांब. पुरे.

पहिलं कार्ड आलं की दोन्ही बाजूंचा फोटो पाठव. मागची छोटी व्यंगचित्रं आणि आकडे मला आधी वाचायचेत.

तुझा,
मामा