कोरोनात नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, हे मोजलं कसं?

तुमचा प्रश्न असा: 'कोरोनात जगभर नैराश्य आणि चिंता २५ टक्क्यांनी वाढली असं वाचलं. पण लोकांच्या मनातलं मोजलं कुणी आणि कसं? विश्वास ठेवावा का?'

आकडा अफवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच तो मार्च २०२२ मध्ये दिला होता. फक्त 'दर चौथा माणूस आजारी' असा त्याचा अर्थ नाही, आधी जितके रुग्ण होते त्यांत पावपट भर पडली असा आहे. व्हॉट्सॲपवर मात्र तो 'दर चौथा माणूस' असाच फिरला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार नैराश्याच्या आजाराचं प्रमाण २०२० मध्ये हजारी सुमारे २५ वरून ३२ वर गेलं. म्हणजे हजारामागे सात जण जास्त. हे सात ऐकायला किरकोळ वाटतात, पण जगाच्या लोकसंख्येवर त्याचे ५ कोटी ३२ लाख जादा रुग्ण होतात. त्यातही बायका आणि तरुण मुलं जास्त.

आता मोजणीकडे या. त्या संशोधकांनी ५,६८३ अभ्यास चाळले आणि त्यातले ४८ ठेवले. बाकीच्यांत साथीच्या आधीचा आकडाच तुलनेला नव्हता, किंवा गूगल फॉर्म ग्रुपवर टाकून ज्याला वेळ होता त्याने भरलेला. (ते फॉर्म तुम्हीही भरले असतील, मी चार भरले.) उरलेल्या ४८ पैकी बहुतेक श्रीमंत देशांतले. जिथे माहितीच नव्हती तिथे लोकांची ये-जा किती थांबली आणि संसर्ग किती होता, यावरून अंदाज बांधला. त्यामुळे जगाची दिशा म्हणून मी हा आकडा मानते. आपल्याकडचं माप म्हणून नाही.

यात थोडा स्वानुभवही आहे. २०२० च्या पावसाळ्यात, समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी एका सर्वेक्षणासाठी घरबसल्या फोन करायचे. प्रश्नावली पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की नैराश्याची शक्यता धरायची.

पुण्यातल्या एका बाईंना झोपेचा प्रश्न विचारला. "ताई, एका खोलीत सात माणसं. झोपायचं कुठं?" भुकेचा विचारला तर म्हणाल्या, "भूक लागती हो. शिधा संपलाय." मी दोन्हीकडे ३ टाकले, कारण फॉर्मवर तसंच टाकायचं होतं. नैराश्याचे सहा गुण तिथेच झाले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो आला की मागून पुरुषाचा आवाज यायचा, "कोणाचा फोन आहे?" मग उत्तर ठरलेलं: "नाही नाही, सगळं बरंय." स्पीकरवर, सासरच्या माणसांसमोर, कोण खरं सांगेल?

उलटही झालं. साताऱ्याकडच्या एका आजींनी नवाच्या नऊ प्रश्नांना 'कधीच नाही' सांगितलं. एकूण गुण शून्य. मी आभार मानून ठेवणार, तर म्हणाल्या, "बहीण गेली माझी मुंबईत. तोंड बघायला मिळालं नाही. दहावा फोनवरच ऐकला." पुढची चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या आणि मी 'हं, हं' करत होते. हे लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

म्हणून मला आजार किती वाढला यापेक्षा उपचार कितींना मिळतो हे जास्त महत्त्वाचं वाटतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, म्हणजे साथीच्या कितीतरी आधी, मानसिक आजार असलेल्या दहांपैकी आठाहून जास्त जणांना उपचार मिळत नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ लाखामागे एकसुद्धा नाही.

यावर आपल्या शेजारी, गोव्यात, चांगलं काम झालंय. 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांबरोबर एक चाचणी केली. निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. निम्म्या जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. भेट अर्ध्या-पाऊण तासाची, भर कशावर, तर सुटलेली रोजची कामं आणि माणसं पुन्हा धरण्यावर. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ६४ टक्क्यांची लक्षणं ओसरली होती. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९ टक्क्यांची.

तुम्ही स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी विचारत असाल, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. माझ्या फोनांच्या वेळी ती नव्हती, आजींना द्यायला माझ्याकडे तोही नंबर नव्हता.