वाचकांचे प्रश्न : एक युनिट म्हणजे नेमके किती?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पारंपरिक आणि अपारंपरिक ऊर्जास्रोतांची यादी माझी मुले बिनचूक लिहितात. परंतु घरातला दिवा कशावर लागतो असे विचारले, तर ‘विजेवर’ यापुढे उत्तर जात नाही. वीज हाच स्रोत आहे, असे लिहिणारी मुले दरवर्षी असतात. हा घटक कोठून सुरू करावा?

उत्तर : यादी काही दिवस बाजूला ठेवा आणि मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगा. नाव आणि रक्कम घडी घालून झाकायला लावा, कारण कोणाच्या घरची परिस्थिती वर्गात चर्चेला येता कामा नये. आपल्याला फक्त वापरलेली युनिटे हवी आहेत. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट, ही व्याख्या मुलांना पाठ असते, पण ती ऊर्जा किती मोठी आहे याची जाणीव नसते. त्यासाठी एक गणित त्यांच्याकडूनच करून घ्या. चाळीस किलो वजनाची मुलगी समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या 8,849 मीटर उंच माथ्यावर पोहोचली, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 34.7 लाख ज्यूल कार्य होते. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. एव्हरेस्टची सगळी चढण एका युनिटात मावते, हे स्वतःच्या वहीत उतरल्यावर बिलावरचा आकडा मुले वेगळ्या नजरेने वाचतात.

मग हे युनिट आले कोठून, हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि त्याचे उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. कराडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेच्या पाण्याचा मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या जलविद्युत केंद्राकडे उतरवला जातो. कोठेही काही वाया गेले नाही असे धरले, तरी एका युनिटासाठी हजार लिटर पाणी 367 मीटर खाली यावे लागते. एवढी उंची थोडक्या अंतरात सह्याद्रीचा पश्चिम उतारच देतो. ते पाणी डोंगरावर कोणी नेले, असे विचारले की मुले पावसापर्यंत आणि तेथून सूर्यापर्यंत पोहोचतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात त्याच युनिटासाठी अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो आणि त्यातील साधारण दोन तृतीयांश उष्णता वीज न होताच निघून जाते. वीज स्रोत नसून ऊर्जा वाहून आणणारे रूप आहे, हे सांगण्याची योग्य वेळ ही आहे, त्याआधीची नव्हे.

समाज ऊर्जा कशी वापरतो, हा भाग मात्र घाईने उरकू नका. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयासाठी गाव सोडावे लागलेल्या कुटुंबांतील नातवंडे कदाचित तुमच्या वर्गात असतील. त्यांच्या आजी-आजोबांची आठवण धड्याइतकीच मोलाची आहे, तेव्हा ती आदराने ऐकून घ्या. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की पाणी द्यायला कोण जाते, मोटेच्या काळात हेच पाणी कसे काढत, हेही मुलांनी घरी विचारून लिहावे.

ऊर्जा म्हणजे केवळ वीज नव्हे, हे दाखवायला स्वयंपाकाचा गॅस पुरेसा आहे. 14.2 किलोच्या सिलिंडरमधील उष्णता सुमारे 180 युनिटांइतकी भरते. अनेक घरांत ती महिन्याच्या वीजवापराहून अधिक निघेल.

सौरऊर्जेकडे यानंतर वळा. एक किलोवॉटचे पॅनेल चोवीस तासांत चोवीस युनिटे देईल असे मुले मानतात. आपल्याकडे ते दिवसाला सरासरी चारच्या आसपास देते. ही तफावत का पडते, आणि पावसाळ्यातल्या रात्री दिवा कशावर लागेल, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्या. कोयनेत साठवून ठेवलेले पाणी त्यांना तेव्हा पुन्हा आठवेल.