मैत्रिणीच्या होणाऱ्या बाळाला पाळण्यावर टांगायचं झुंबर स्वतः करून द्यायचं आहे, पण शिवण जेमतेम येते. जमेल का?

जमेल की! साधा धावदोरा आला तरी पुरे. मावसबहिणीच्या बाळासाठी पहिलं झुंबर केलं तेव्हा माझी फजिती शिवणीने केलीच नाही. फेल्टचे सहा चपटे हत्ती, शेपटीला गोंडा, सगळं झकास. टांगलं आणि कौतुकाने खाली आडवी झाले, तर वर हत्ती कुठले, कापडाच्या सहा पट्ट्या! बघायला येणाऱ्यांना हत्ती, बाळाला नुसत्या कडा.

म्हणून आकार पोट खाली करून आडवे टांगा. पंख पसरलेला पक्षी घेतलात तर पाठीवर तीन ठिकाणी दोरा घ्या, नाहीतर तो चोचीवर लोंबतो. कापसाचे गोळे सगळ्यात सोपे, कुठूनही सारखेच दिसतात. रंग ठळक घ्या. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपलीकडचं धूसर दिसतं आणि झुंबर तर हात पोचणार नाही इतकं वर हवं. तिथे फिकट गुलाबी-आकाशी वाया जातं, काळं-पांढरं उठून दिसतं.

सांगाडा म्हणून भरतकामाची लाकडी रिंग घ्या. एकाखाली एक टांगलेल्या काड्यांचंच हवं असेल तर जुळणी सगळ्यात खालच्या काडीपासून सुरू करा. वरून सुरुवात केलीत तर प्रत्येक नव्या आकारासरशी आधीचा तोल बिघडतो. ३० सेंटिमीटरच्या काडीच्या एका टोकाला १० ग्रॅम, दुसऱ्याला २० असतील तर काडी जिच्यावर टांगायची ती मधली गाठ जड बाजूकडे सरकते: हलक्यापासून २० सेंटिमीटर, जडपासून १०. काडीचं वजन धरलेलं नाही, त्यामुळे थोडं मागेपुढे होईल. तोल साधला की गाठीवर गोंदाचा थेंब. (अशा झुंबराला ‘मोबाईल’ म्हणतात ते फोनवरून नव्हे. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरच्या हलत्या शिल्पांना मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने १९३१ साली हे नाव दिलं.)

मणी, बटणं, टिकल्या अजिबात नकोत. डोळे दोऱ्यानेच भरा. प्रत्येक आकार जोरात ओढून बघा.

देताना प्रत्येक दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळा, नाहीतर खोक्यातून गुंताच बाहेर निघेल. सोबत चिठ्ठी ठेवा: झुंबर बाळाच्या थेट तोंडावर टांगू नका, आणि बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं की, किंवा पाचव्या महिन्यात, जे आधी होईल तेव्हा, काढून ठेवा.