अक्षर काढावे लागते

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले मुखपृष्ठाचे तिन्ही नमुने पाहिले आणि सोबतचा प्रश्नही दोनदा वाचला. तुकोबांचे अभंग आणि कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदे एकत्र असलेल्या अल्बमला सत्तरच्या दशकातल्या तबकडीसारखे आवरण हवे आहे, आणि तो काळ नेमका कशाने उभा राहतो हे तुला उमगेनासे झाले आहे. पिवळा पडलेला कागद, घडीच्या खुणा, केशरी-तपकिरी पट्टे हे सारे तू जमवलेस. ‘विठ्ठल’ हा शब्द मात्र तयार फाँटमधून उचलून त्यावर टाकलास. चुकले ते तिथेच. अक्षर टाकायचे नसते, काढायचे असते.

तबकडीच्या आवरणांच्या या कलेची सुरुवातच अक्षरांनी झाली आहे. तबकड्यांचे अल्बम बहुधा साध्या, एकरंगी वेष्टनात विकले जात त्या काळी, १९४० मध्ये, अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुणाने कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीसाठी सचित्र आवरण केले. त्यासाठी त्याने न्यूयॉर्कमधल्या एका नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावरची अक्षरे बदलून घेतली, तिथे अल्बमचे नाव लावले आणि त्याचे छायाचित्र काढले. पुढे १९६६-६७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत वेस विल्सनने संगीताच्या भित्तिपत्रकांवर जी वितळल्यासारखी अक्षरे रेखाटली, त्यांचे मूळ व्हिएन्नाचा चित्रकार आल्फ्रेड रोलर याच्या अक्षरांत होते. त्याने ती उसनी घेतली हे खरे, पण आपल्या हाताने पुन्हा काढली. तू म्हणशील की ब्लू नोट या जाझ संगीताच्या कंपनीच्या आवरणांवर त्यांचा रचनाकार रीड माइल्स छापखान्यातले तयार टाइपच वापरत असे. वापरत होता; पण फ्रान्सिस वुल्फची कृष्णधवल छायाचित्रे आणि बऱ्याचदा एखाददुसरा रंग एवढ्याच भांडवलावर कोणते अक्षर कुठे कापायचे, कुठे वाढवायचे, किती रिकामी जागा सोडायची हे तो स्वतः ठरवत असे. तेही काढणेच आहे. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे अशी काढली की जाहिरातीतले नाव पाहूनच नाटकाची जात कळावी.

मी फाँटचा वैरी नाही. देवनागरीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा हे दोन्ही र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडले, आणि ते स्वतः मोठे सुलेखनकार होते. परंतु मजकुराचे अक्षर वेगळे आणि नावाचे अक्षर वेगळे. मजकुराचे अक्षर डोळ्यांत न खुपता वाचले जावे. नावाच्या अक्षराने थांबवले पाहिजे.

बारा इंची तबकडीचे आवरण आता राहिले नाही, मोबाइलवर ते अंगठ्याच्या नखाएवढे दिसते, मग एवढे श्रम कोणासाठी, असेही तू लिहिले आहेस. हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही. कॅसेटच्या इनलेचा, म्हणजे डबीतल्या छापील कागदाचा, दर्शनी भाग जेमतेम चार इंच बाय अडीच इंच असे, आणि तेवढ्या जागेसाठी आम्ही चौपट मोठे आर्टवर्क करत होतो. ट्रेसिंगवर आराखडा, आर्टकार्डवर काळी शाई, कडा कापल्यासारख्या होईपर्यंत पांढऱ्या पोस्टर कलरने दुरुस्ती, आणि मग फोटोने लहान. जागा लहान असेल तर अक्षर अधिक नेटके काढावे लागते.

मला हे आधी कळले असते तर बरे झाले असते. १९९४ साली बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाच्या कॅसेटचे काम माझ्याकडे आले. प्रेसमध्ये संगणक नुकताच आला होता. मी नाव टाइप केले, जागा भरावी म्हणून ते आडवे ताणले, त्यामुळे उभ्या रेघा जाड आणि शिरोरेषा त्यांच्यापुढे बारीक दिसू लागली. कन्नड नाव तळाशी किंमत छापावी तसे बारीक टाकले. अर्ध्या तासात काम संपले. मंडळाच्या वृद्ध वीणेकऱ्यांनी इनले हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि विचारले, “हे कुणी लिवलंय?” मला उत्तर देता आले नाही, कारण ते कोणी लिहिलेच नव्हते.

घर चालवायचे होते, मुलांच्या फिया भरायच्या होत्या, आणि जो तासाला चार कामे देई त्यालाच प्रेस ठेवून घेत असे. त्या वेळी मी दुसरे काय करायला हवे होते, हे आजही मला कोणी सांगावे. त्यानंतर मात्र नावाचे अक्षर मी एकदाही टाकलेले नाही. कामे गेली. याला संगणक येत नाही म्हणून हा हट्ट करतो, असे गावात बोलले गेले. ते खोटे आहे. कोरल ड्रॉ या संगणकावरच्या चित्रकामाच्या प्रोग्रॅमवर मी अकरा वर्षे काम केले आहे. अक्षर काढावे लागते, एवढेच माझे म्हणणे तेव्हा होते आणि आजही आहे.

आता तुझ्या शब्दाकडे ये. ‘विठ्ठल’ हा शब्द तुकोबांचा आहे आणि ‘पुरंदर विठ्ठल’ ही पुरंदरदासांची मुद्रा, म्हणजे पदात सहीसारखे येणारे नाव, आहे, त्यामुळे दोन्ही लिपींना एकाच उंचीचा मान हवा. देवनागरीतला ठ शिरोरेषेला लोंबतो आणि दुसरा ठ त्याच्या खाली बसतो. कन्नडमधला ठ गोल, पोटात टिंब असलेला, आणि त्याचेही जोडाक्षर खालीच उतरते. हे गोल दोन्हीकडे एकाच कलाने, एकाच जाडीच्या रेषेने काढलेस, तर सीमेच्या अलीकडची भाषा कोणती आणि पलीकडची कोणती हा प्रश्न त्या आवरणावर उरणार नाही. तुझ्या नमुन्यात ठ्ठ फुटला आहे. पहिल्या ठचा पाय मोडून दुसरा शेजारी उभा केला आहे. ते मला सहन झाले नाही, म्हणूनच हे पत्र एवढे लांबले.

रविवारी सकाळी शहापूरला घरी ये. बोरू मी कापून ठेवतो, शाई आहे. ट्रेसिंग पेपर तेवढा घेऊन ये आणि लॅपटॉप घरीच ठेव. दुपारपर्यंत फक्त ठ्ठ काढू, आधी देवनागरी, मग कन्नड.

तुझा,
काका