त्याचा मेसेज आला की सगळा राग जातो, असं का होतं?

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची आहे, सातपूरला एका कंपनीत जॉब करते. उन्हाळ्यात अ‍ॅपवर एका मुलाशी ओळख झाली. कधी दोन-दोन दिवस सतत मेसेज, रात्री उशिरापर्यंत कॉल, सोमेश्वरला भेटलो तेव्हा तर घरी ओळख करून देतो म्हणाला आणि मग आठवडाभर गायब. ब्लू टिक दिसते, रिप्लाय नाही, स्टोरी मात्र बघतो. मी ठरवते की आता बास, पण त्याचं ‘काय करतेयस’ आलं की सगळं विसरते. मैत्रीण म्हणते तो अव्हॉइडंट आहे, म्हणजे जवळीक वाढली की मागे सरणारा. पण इतकी ओढ वाटते म्हणजे हे प्रेमच ना?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: अगं, ओढ खरीच आहे, पण ओढ किती आहे त्यावरून नातं किती चांगलंय ते कळत नाही. फर्स्टर आणि स्किनर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचं मोठं पुस्तकच काढलं होतं. बटणावर चोच मारली की दाणे. ज्यांना दर वेळी दाणे मिळायचे ती, दाणे बंद झाले की लवकर नाद सोडायची, पण ज्यांना कधी मिळायचे कधी नाही, आणि कधी मिळतील याचा काही नेम नसायचा, ती दाणे पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहायची. याला इंटरमिटंट रिइन्फोर्समेंट म्हणतात. तू स्टोरी टाकून ती कोणी बघितली ती यादी परत परत उघडतेस ना, ते हेच. तो रोज नीट बोलला असता तर कदाचित इतकी ओढ वाटलीही नसती. आणि मेसेज आल्यावर जो आनंद होतो त्यातला बराचसा तर काळजी मिटल्याचा असतो, आणि ती काळजी लावली कोणी, त्यानेच ना.

अव्हॉइडंटचं म्हणशील तर बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाचा लहान मुलं आणि आईवडिलांच्या नात्याचा विचार हॅझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये मोठ्यांच्या प्रेमाला लावून बघितला, तिथून हे शब्द पसरले. तो आजार नाही, माणसाचा कल आहे, आणि तो बदलू शकतो. रील बघून कुणावर शिक्का मारू नये असं मला मनापासून वाटतं. आणि समजा असला तो अव्हॉइडंट, तरी तुझं आठवडाभर झुरणं काही कमी होत नाही.

एकदा समोरासमोर स्पष्ट विचार, आपलं काय आहे, आणि मग पुढचा महिनाभर तो काय बोलतो ते सोडून कसा वागतो तेवढंच बघ. कामात असलेला माणूससुद्धा ‘उद्या बोलतो’ एवढं टाकतोच. तू थांबायचं ठरवलंस तर पहिले काही दिवस फोन बघायची तलफ उलट वाढू शकते, घाबरू नकोस, सवय सुटताना असं बऱ्याचदा होतं, पण नेमकं तेव्हाच खूप जणी परत मेसेज करतात. तेवढे दिवस त्याचं चॅट म्यूट करून अर्काइव्हला टाक आणि रात्री फार वाटलं तर त्या मैत्रिणीला फोन लाव.