संमतीचा घटस्फोट आणि सहा वर्षांच्या मुलाचा ताबा: 'सोयीनुसार भेट' लिहून देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं, मुलगा सहा वर्षांचा, वेगळं राहून चौदा महिने झालेत आणि दोघंही संमतीने घटस्फोटाला तयार आहात. पाच वर्षं पूर्ण झाली की मुलगा बापाकडे जातो, असं सासरचे सांगतात. त्यात तुम्हाला नोकरी नाही, म्हणून धास्ती वाटतेय. मी वकील नाही. पण माझी मुलगी चार वर्षांची असताना मीही याच वाटेने गेले. आज ती कॉलेजात आहे. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते सांगते.

पाच वर्षांची गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ एवढंच म्हणतं, की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाचव्या वाढदिवसाला मूल बापाच्या हवाली करा, असं त्यात कुठेही नाही. कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सगळ्यांत वर, मग त्याचं वय काहीही असो.

नोकरीचंही तसंच. पगार जास्त त्याला मूल, असा हिशेब कोर्ट करत नाही. मुलाला शाळेत कोण सोडतं, आजारपणात कोण जागतं, तो कोणाजवळ रमलाय, त्याची शाळा आणि मित्र मोडणार तर नाहीत ना, हे पाहिलं जातं. पैशाची उणीव भरून काढायला पोटगी आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तिथे जायला संकोचू नका, तो तुमचा हक्क आहे.

संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करायला एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, ते तुमचं झालंय. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा कोर्टापुढे जायचं. ही मुदत माफ होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात म्हटलं. पण तिथे अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असणं ही एक अट होती. त्यामुळे तुम्ही सहा महिने धरूनच चला. घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. म्हणून पैसे कोणत्या टप्प्यावर किती मिळणार, ते आधीच लिहून घ्या.

आता खरा मुद्दा. नवऱ्याच्या वकिलाने पाठवलेल्या मसुद्यात तुम्ही लिहिलंय तसं ताबा आणि भेटींबद्दल एकच वाक्य आहे: 'ताबा आईकडे, वडील परस्परांच्या सोयीनुसार भेटतील.' माझ्याही कागदावर जवळपास हेच होतं. आम्ही दोघं इतके थकलो होतो, की कधी एकदा सही करतो असं झालं होतं. पुढची तीन वर्षं दर शनिवारी 'सोय' कोणाची यावर भांडण. तो सकाळी दहाला येणार म्हणून मुलगी बूट घालून दारात बसायची आणि तो चारला यायचा. कधी मीच मुद्दाम तिला मावशीकडे पाठवून द्यायचे. हो, मी तेही केलंय, आणि त्याचा त्रास तिलाच झाला. शेवटी परत कोर्टात गेलो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याचा आणि भेटींचा आदेश नंतरही बदलून घेता येतो. विवाह समुपदेशक बाईंनी आम्हाला समोरासमोर बसवून वेळापत्रक लिहायला लावलं आणि भांडणं दोन महिन्यांत निवली.

म्हणून ते वाक्य काढायला लावा. कुठला वार, किती वाजता घ्यायचं, किती वाजता आणि कुठे सोडायचं, ते लिहा. उशीर झाला तर किती वेळ थांबायचं? दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, वाढदिवस कोणाकडे, आजी-आजोबांना कधी भेटायचं? फोन किंवा व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा. शाळेचे कागद आणि पालकसभा दोघांना, मोठा उपचार करताना दोघांना विचारायचं, पासपोर्ट कोणाकडे राहील, परदेशी न्यायचं असेल तर लेखी संमती. वाचायला रूक्ष वाटतं, पण शनिवारी दारात हेच कामाला येतं.

भेटीच नकोत, असं लिहून घ्यायचा तुमचा विचार आहे. मारहाण, व्यसन, मुलाला धोका असं काही असेल तर ते कोर्टाला स्पष्ट सांगा. समुपदेशकांच्या देखरेखीखाली भेट मागता येते. तुम्ही लिहिलंय त्यात मात्र तसं काही दिसत नाही, राग दिसतो. तो रास्त असेल. तरी बाप हवा की नको हे मुलाला ठरवता येईल, इतकी जागा त्याच्यासाठी ठेवा. आणि मुलाला काही पढवू नका. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात समज असलेल्या मुलाचं मत विचारात घेता येतं. न्यायाधीश चेंबरमध्ये गप्पा मारतात तेव्हा पाठ केलेली वाक्यं त्यांच्या लगेच लक्षात येतात.

'एकरकमी घेतल्यावर मुलासाठीही पुढे काही मागणार नाही,' या ओळीवर सही करू नका. पोटगीचा मुलाचा हक्क त्याचा स्वतःचा असतो, तो आईने सोडून दिला म्हणून संपत नाही. पण ती ओळ कागदावर राहिली तर पुढे तुम्हालाच ते पटवत बसावं लागेल. मुलाची रक्कम वेगळी लिहा, दरवर्षी किती वाढेल तेही लिहा, आणि शाळेची फी व दवाखान्याचा खर्च कोण करणार ते त्यातच येऊ द्या.

सुधारलेला मसुदा आला की नावं-पत्ते खोडून भेटींचा भाग इथे टाका. मी आधी वाचते, मग तुमच्या वकिलाला दाखवा.