"बाबांसारखाच मिळाला, माझंच नशीब"

प्रश्न : ताई नमस्कार, मी २४ वर्षांची, गाव राजापूर तालुक्यात, रत्नागिरीला एका लॅबमध्ये कामाला आहे, मैत्रिणीबरोबर रूम करून राहते. लहानपणी बाबांचा मार खूप खाल्लाय, शिमटी पडवीत दारामागेच असायची, आई मध्ये पडली की तिलापण. पायरीवर त्यांची पावलं वाजली की आज कसे आलेत ते मला आधीच कळायचं. आता साखरपुडा झालाय. मागच्या महिन्यात भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो तेव्हा फोनचा पासवर्ड दिला नाही म्हणून त्याने कानाखाली मारली, मग स्वतःच रडला, सॉरी म्हणाला. आई म्हणते लग्न झालं की सुधारतात, पत्रिका छापायला दिल्यात. मीच अशी माणसं ओढून घेते का? आणि उद्या मीपण माझ्या मुलांना मारणार का? धाकटी बहीण नववीत आहे, तिलाही मार पडतोच.

उत्तर : अगं, आधी ते "ओढून घेते" डोक्यातून काढ. हात त्याने उचलला, तू नाही.

आता बालपणाचा संबंध आहे का, तर आहे, लपवून काय उपयोग. अमेरिकेत हजारो लोकांना लहानपणाबद्दल विचारून केलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की लहानपणी मार खाल्लेल्यांना किंवा आईला मार खाताना बघितलेल्यांना पुढे जोडीदाराकडून हिंसा होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. आपल्याकडे तर केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतल्या तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे तू काही जगावेगळी नाहीस. पण धोका म्हणजे नशीब नव्हे.

तुझ्या पत्रातली ती पावलांची गोष्ट मी दोनदा वाचली. पायरीवरच्या आवाजावरून माणसाचा मूड ओळखणारी पोरगी, तिला धोका कळत नाही असं कोण म्हणेल? कळतो, इतरांपेक्षा लवकर कळतो. फक्त कळल्यावर काय करायचं ते तू आठ-दहा वर्षांची असताना शिकलीस, गप्प बसायचं, चहा ठेवायचा, त्याला शांत करायचं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं कारण घर सोडून जाणार कुठे. आता रूमची चावी तुझ्या पर्समध्ये आहे.

मुलांना मारशील का? मार खाल्लेल्या मुलांना मोठेपणापर्यंत ट्रॅक करणारा एक अभ्यास १९८९ मध्ये आला, त्यात हिंसेच्या गुन्ह्यात अटक होण्याचं प्रमाण अशा मुलांत जास्त दिसलं खरं, पण बहुतेक जण त्या वाटेला गेलेच नाहीत. तुला ही भीती वाटते, मला तर ती चांगलीच खूण वाटते.

आईवर रागावू नकोस, ती स्वतः जे सोसत आली तेच सांगतेय, पण तिचा सल्ला ऐकूही नकोस. साखरपुड्यातच पासवर्डवरून कानाखाली बसते तर लग्नानंतर पगार, माहेर, मैत्रिणी सगळ्यावरून बसेल. सोडताना माणूस जास्त भडकतो, म्हणून त्याला एकटीने किनाऱ्यावर भेटून सांगू नकोस, मामा-काका कुणी खमकं असेल त्यांना सोबत घे नाहीतर फोनवरच सांग, रूममेटला आधी सगळं माहीत असू दे. धमकी आली तर ११२, बोलायला महिला हेल्पलाईन १८१, मनावर फार यायला लागलं तर टेलिमानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.

बहिणीचं मात्र थांबवून ठेवू नकोस. तिच्यासाठी चाईल्ड हेल्पलाईन १०९८ आहे, फोन तूपण करू शकतेस. शनिवार-रविवार तिला तुझ्या रूमवर घेऊन ये आणि एकदा तोंडाने सांग तिला की मार पडतो त्यात तुझी चूक नाही, तुला हे कुणी सांगितलं नव्हतं ना.

आणि पत्रिकांचं, उद्या सकाळी प्रेसवाल्याला फोन कर, छपाई थांबवायला सांग, ॲडव्हान्स बुडाला तर बुडू दे.